फीत उजव्या हाताला

थोरली वर्षभर धाकटीशी एक अक्षरही बोलली नव्हती, आणि आज तिला सव्वाबाराच्या आत नेमकं धाकटीच्याच टेबलाशी पोचायचं होतं. पायांनी. डोंगरातून. एकतीस किलोमीटर पळून. आणि पोचल्यावर कोणी पाठ थोपटून घरी सोडणार नव्हतं, कारण पुढे आणखी एकोणीस उरत होते.

अशी ही शर्यत. पन्नास किलोमीटर, वेळ दहा तास, सकाळी सहाला सुरू, दुपारी चारला बंद. बक्षीस काहीच नाही. सगळा कारभार हौशी माणसांचा. कोणी पाणी भरतं, कोणी बटाटे उकडतं, कोणी लोकांच्या पायांचे फोड बांधतं, आणि या सगळ्यांच्या वर गुरांचे डॉक्टर. दोन पायांच्या प्राण्यांचा त्यांना अनुभव कमी, पण आवाज दणदणीत, म्हणून त्यांना मुख्य केलेलं.

रस्ता दाखवायची इथे एक खास रीत होती. बाणाच्या पाट्या नाहीत. पहिल्या वर्षी लावल्या होत्या, तर वाऱ्याने त्या गरागरा फिरल्या आणि चाळीस पळणारे कोणा अनोळखी माणसाच्या अंगणात, वाळत घातलेल्या चादरींमध्ये जाऊन पोचले. तेव्हापासून फक्त नारिंगी कापडाच्या फिती, झाडाझुडपांना बांधलेल्या, आणि नियम एकच. फीत कायम पळणाऱ्याच्या उजव्या हाताला. उजवीकडे दिसतेय म्हणजे बरोबर चाललात. डावीकडे दिसतेय म्हणजे उलटे चाललात, मुकाट्याने मागे फिरा.

सकाळी सहाला डॉक्टर खुर्चीवर चढून भोंग्यातून ओरडले, "फीत कुठे?"

"उजव्या हाताला!" दीडशे घसे.

"नकाशा?"

"विसरा!"

"शहाणपण?"

"घरी ठेवा!"

थोरलीही ओरडली, आणि ओरडता ओरडता तिने हळूच इकडेतिकडे पाहून घेतलं. धाकटी कुठेच नव्हती. असणारच नव्हती म्हणा. ती पहाटे पाचपासून तळ्याकाठी आपलं टेबल मांडून बसली असणार. वेळेआधी एक तास, म्हणजे तिच्या हिशेबाने जेमतेम वेळेवर.

थोरली चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवायच्या, "आता खालची ओळ वाचा" म्हणायचं, कानामागे टोचतंय का ते विचारायचं. दुकान लांबट, अरुंद, एक अख्खी भिंत आरशांची. त्या आरशांत रोज आठ तास स्वतःला बघून बघून एक दिवस तिला वाटलं, ही बाई नुसती उभीच असते की! म्हणून बेचाळिसाव्या वर्षी तिने पळायला सुरुवात केली. दुकानाच्या मागच्या जिन्यावर, जेवणाच्या सुट्टीत, वर-खाली, वर-खाली. मालकांना आठवडाभर वाटत होतं, माळ्यावर उंदीर झालेत. त्यांनी पिंजरासुद्धा आणला होता.

धाकटी शाळेत गणित शिकवते. घंटेचा पहिला टोला पडला की हातातला पेपर ओढून घेणाऱ्या बाई असतात ना, त्या याच. एकदा एका मुलीचा "म्हणून क्ष बरोबर" एवढं लिहिलेला पेपर तिने ओढला. क्ष कशाबरोबर, ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही.

या दोघी बहिणी. शर्यतीच्या आदल्या दिवशी तळ्याच्या फेरीवर फिती बांधायचं काम वर्षानुवर्षं दोघींचं. थोरली नकाशा धरून पुढे, धाकटी फितींची पिशवी घेऊन मागे, आणि दिवसभर भांडण, हसणं, आईच्या नकला. मग थोरलीने स्वतःच पळायचं ठरवलं. पहिल्या खेपेला पायांत गोळे आले आणि चाळिसाव्या किलोमीटरला ती गवतात आडवी झाली. दुसऱ्या खेपेला, म्हणजे गेल्या वर्षी, ती धाकटीच्या टेबलाशी पोचली ती सव्वाबारा वाजून चाळीस सेकंदांनी. सव्वाबारानंतर आलेला शर्यतीतून बाद.

चाळीस सेकंद!

धाकटी उठली. तिने थोरलीच्या छातीवरच्या नंबराच्या चारही सेफ्टी पिना काढल्या, नंबर खोक्यात टाकला, वहीत वेळ लिहिली, आणि वहीत बघतच म्हणाली, "पाणी तिकडे आहे."

पाणी तिकडे आहे! सख्ख्या बहिणीला!

तेव्हापासून अबोला. निरोप सगळे आईमार्फत. "आई, तिला सांग, माझा डबा तिच्याकडे राहिलाय." "आई, तिला सांग, डबा माझाच आहे." शेवटी आई म्हणाली, "मी काय तुमचा भोंगा आहे? डबा मीच ठेवून घेते." आणि ठेवून घेतला.

तर थोरलीला पन्नास किलोमीटर पुरे करायचेच होते. पण त्याआधी तिला ते टेबल ओलांडायचं होतं. वेळेत, मान ताठ ठेवून, पाण्याचा थेंबही न पिता, वहीवाल्या बाईंना स्वतःच्या हाताने आपला नंबर वेळेत लिहायला लावून. रात्री झोपेतसुद्धा तिने ती मान तीनचारदा ताठ करून पाहिली होती.

सुरुवातीचे वीस किलोमीटर मजेत गेले. उजव्या हाताला फिती फडफडत होत्या, थंड हवा होती, आणि सोबतीला एक बेकरीवाला मिळाला. अंगाने चांगला भरलेला, गालांवर कायम भट्टीची लाली. त्याचं एक शास्त्र होतं.

"चढ आला की चालायचं," तो म्हणाला. "उतार आला की गुडघ्यांसाठी चालायचं."

"आणि सपाटी आली की?"

"सपाटीवर कोण बघतंय ते बघायचं. कोणी नसेल तर चालायचं."

"मग पळायचं कधी?"

"फोटोवाला दिसला की!"

आणि खरंच, वळणावर कॅमेरा घेतलेली एक बाई दिसताच हा गृहस्थ हरणासारखा उधळला. थोरलीला हसता हसता पोटात कळ आली. पुढच्या पाण्याच्या जागी तिने बूट काढून टाचेचा फोड बांधून घेतला, मीठ लावलेले दोन बटाटे गिळले, तेवढ्यात बेकरीवाला पुढे निघून गेला. फोड बांधणारी मुलगी म्हणाली, "काकू, आता तुमच्या मागे कोणी नाही हं." हे तिने इतक्या गोड आवाजात सांगितलं की थोरली आभार मानून बसली.

अकरा पस्तीसला ती अठ्ठाविसाव्या किलोमीटरला, पाण्याच्या टाकीपाशी पोचली. इथून तळ्याची फेरी सुरू होते. दहा किलोमीटरचं वेटोळं. डावीकडे वळायचं, तळ्याकाठच्या सपाट वाटेने तीन किलोमीटर गेलं की धाकटीचं टेबल. मग टेकडी चढून उतरून सात किलोमीटर, आणि उजवीकडच्या वाटेने परत याच टाकीपाशी. थोरलीने मनात हिशेब केला. सपाट तीन किलोमीटर, अर्धा तास. पाच मिनिटं उशीर झाला तरी बारा-दहाला टेबल. मान ताठ. ती न बघताच डावीकडे वळली.

शिट्टी वाजली. टाकीच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर पोस्टमनकाका बसले होते. निवृत्त झाले तरी शिट्टी त्यांनी सोडली नव्हती.

"ओ ताई! फीत कुठे?"

"उजव्या हाताला," थोरली पळता पळता म्हणाली, आणि थांबली. डावीकडच्या वाटेवर फिती होत्या, पण डाव्या हाताला. तिने वळून पाहिलं. उजवीकडच्या वाटेवर फिती उजव्या हाताला, अगदी शिस्तीत, वीस-वीस पावलांवर, जणू परेडला उभ्या.

"काका, हे उलटं आहे. फेरी डावीकडून असते. मी स्वतः बांधल्यात इथे फिती!"

"असते ना. पण सकाळी पहिला पळणारा आला, त्याने फीत बघितली आणि गेला उजवीकडे. मागचा गेला. त्याच्या मागचा गेला. मी शिट्टी फुंकून दमलो, तर मलाच म्हणतात, काका, शहाणपण घरी ठेवा! मग डॉक्टर वॉकीटॉकीवर म्हणाले, आता सगळ्यांना तिकडूनच जाऊ दे, नाहीतर टेकडीवर समोरासमोर टकरा होतील. अंतर तेवढंच आहे."

"पण फिती बांधल्या कोणी अशा?"

पोस्टमनकाकांनी आभाळाकडे पाहिलं. आभाळात काही नव्हतं. "तुमच्या बहिणीने," ते म्हणाले. "एकटीने. काल."

थोरली आधी नुसती उभी राहिली. मग तिला जे हसू आलं, ते गुडघ्यांवर हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सगळं तिला डोळ्यांपुढे दिसलं. धाकटी, एकटी, पिशवी खांद्याला. अवघड आधी उरकायची तिची जुनी खोड, म्हणून आधी टेकडी. आणि मग प्रत्येक फीत कटाक्षाने उजव्या हाताला. स्वतःच्या उजव्या हाताला, उलटं चालत! शंभर टक्के नियम पाळून शंभर टक्के उलटं काम करणारी माणसं जगात फार नसतात. त्यांच्या घरात एक होती.

"आणि तिला कोणी सांगितलं नाही का, की उलटी चाललीयस म्हणून?"

"नकाशा धरायला कोणी नव्हतं म्हणे सोबत," पोस्टमनकाका म्हणाले, आणि पुन्हा आभाळ बघू लागले.

थोरलीचं हसू जरा आवरलं. नकाशा धरणारी काल घरीच होती. फुगून. गाल फुगवून बुटांना नव्या नाड्या ओवत.

मग एकदम तिच्या लक्षात आलं. उजवीकडून गेलं तर टेबल तीन किलोमीटरवर नाही, सातवर! तेही टेकडीपलीकडे! "काका, सव्वाबाराचं काय?"

"टेबलाची वेळ टेबलवालीने ठरवावी, असं डॉक्टर म्हणाले. तिने ठरवलीय म्हणे."

"किती?"

"ते मला नाही सांगितलं. पण तुम्ही इथे उभ्या राहून ती वाढणार नाही."

थोरली उजवीकडे सुटली.

ती टेकडी! दगडात खोदलेल्या पायऱ्या, प्रत्येक पायरी वेगळ्या उंचीची, बनवणाऱ्याने दर पायरीला पट्टी हरवल्यासारखी. दर वर्षी फिती बांधताना थोरली ती उतरायची, तेव्हा वाटायचं, काय सुरेख पायऱ्या आहेत! आज चढताना तिने त्यांना जे जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मांड्यांनी संप पुकारला. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून एकेक पाय उचलून पुढच्या पायरीवर ठेवला, दुकानात जड खोकी माळ्यावर चढवतो तसा. माथ्यावर वारा होता आणि खाली तळं, एवढंसं, बशीतल्या पाण्यासारखं. बारा सत्तावीस. सव्वाबारा तर केव्हाच होऊन गेले होते! म्हणजे आता सगळं एकाच गोष्टीवर, की पेपर ओढणाऱ्या बाईंनी किती वाजता घंटा द्यायचं ठरवलंय. उतारावर ती दोनदा घसरली, एकदा बसूनच उतरली. तळ्याची वाट लागली तशी ती जीव खाऊन पळाली.

टेबल दिसलं ते पाठमोरं. खांबांना बांधलेल्या कापडावर "शाब्बास, आलात!" लिहिलेलं होतं, पण पलीकडच्या बाजूने, त्यामुळे इकडून अक्षरं उलटी. खुर्च्या पाठमोऱ्या. धाकटीही पाठमोरी. सकाळपासून दीडशे माणसं तिच्या पाठीमागून आली होती, तरी तिने टेबल वळवलं नव्हतं. टेबलाचं तोंड कुठे ते आराखड्यात ठरलेलं होतं ना! फळ्यावर खडूने लिहिलं होतं: वेळ १:०३.

शेजारच्या घड्याळात एक वाजून नऊ मिनिटं झाली होती.

चटईवर बेकरीवाला पाय पसरून बसला होता. बूट काढलेले, छातीवर नंबर नाही, हातात संत्र्याची फोड, आणि चेहऱ्यावर असं समाधान, जणू परीक्षाच रद्द झाली. "एक-पाचला आलो," त्याने आनंदाने सांगितलं. "गेलो आपण. या, बसा!"

धाकटी उठली आणि वळली. दोघींनी वर्षभरात पहिल्यांदा एकमेकींकडे पाहिलं. धाकटीच्या कपाळावर उन्हाचा पट्टा उमटला होता आणि डोळे लाल होते. तिचा हात थोरलीच्या सेफ्टी पिनेकडे आला. थोरलीने नंबरावर तळहात घट्ट दाबून धरला.

"ताई, एक वाजून नऊ झालेत."

"दिसतंय. चष्म्याच्या दुकानात आहे मी."

"वेळ एक-तीन होती."

"कशी काढलीस?"

धाकटीचा हात हवेतच थांबला. जगात तिला थांबवणारा हा एकच प्रश्न. उत्तर चुकलं म्हटलेलं तिला चालत नाही, पण रीत विचारली की ती जेवणावरूनही उठून येते.

"टेबल आधी एकतीसवर होतं, आता पस्तीसवर. चार किलोमीटर जास्त. एकाला बारा मिनिटं. बारा चोक अठ्ठेचाळीस. सव्वाबारात अठ्ठेचाळीस मिळवले, एक-तीन."

"आणि टेकडी?"

"टेकडीचं काय?"

"कुठे गेली? आधी लोक सपाटीवरून तुझ्याकडे यायचे. आज टेकडी चढून उतरून आलेत. टेकडीलासुद्धा किलोमीटरला बाराच मिनिटं? अगं, आपल्या नकाशावर टेकडीच्या बाजूला तूच लिहिलंयस, नव्वद मिनिटं. तुझ्या अक्षरात! मी धरलाय तो नकाशा सहा वर्षं!"

"बरोबर बोलतायत हो त्या," बेकरीवाला मध्येच म्हणाला. "टेकडी होती. मी बघितली."

धाकटीने पेन्सिल उचलली. थोरली घड्याळाकडे बघत उभी. एक दहा. बसायची हिंमत नव्हती, बसली तर उठवायला चार माणसं लागली असती. धाकटी पुटपुटत होती. "सव्वाबाराला टेबल... सपाट तीन किलोमीटर, अर्धा तास... म्हणजे फाट्यावरून पावणेबाराला निघालेला माणूस वेळेत. पावणेबारा आणि नव्वद मिनिटं..."

पेन्सिल थांबली.

"किती?" थोरलीने विचारलं.

"सव्वा."

"मोठ्याने बोल."

"सव्वा एक," धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज फळ्यासमोर उभ्या केलेल्या मुलीसारखा होता. तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं उत्तर स्वतःच्या बाहीने पुसलं आणि खडूने नवं लिहिलं. १:१५. घड्याळात एक बारा झाले होते. मग ती गर्रकन वळली. "तुम्ही एक-पाचला आलात. तुम्ही वेळेत आहात. उठा!"

बेकरीवाल्याच्या हातातून फोड पडली. "नाही हो, असं नका म्हणू."

"तुमच्यावर अन्याय झाला होता."

"पण माझी काही तक्रार आहे का? मी मजेत होतो की!"

"अडीच मिनिटांत टेबल सोडायचंय. बूट!" धाकटीने खोक्यातून त्याचा नंबर काढला आणि तो नाड्या बांधत असतानाच त्याच्या छातीवर ठोकला. "मला नको होता न्याय," तो थोरलीकडे बघून कळवळला. "संत्री किती गोड होती!"

थोरलीला मान ताठ ठेवायची होती, ते राहूनच गेलं. घसा कोरडा पडला होता. "पाणी कुठे आहे?" तिने विचारलं.

धाकटीने थोरलीच्या कमरेची बाटली काढली, स्वतः भरली, झाकण घट्ट लावलं, पुन्हा उघडून दाखवलं, पुन्हा लावलं आणि जागेवर अडकवली. "पळ," ती म्हणाली. "पंधरा किलोमीटर. चारपर्यंत. किलोमीटरला अकरा मिनिटं. एका सेकंदाने जास्त नाही."

एक चौदाला दोघांनी टेबल सोडलं.

शेवटचा पळणारा पुढे गेला की टेबल आवरायचं आणि फिती सोडत त्याच्या मागे मागे यायचं, हे काम टेबलवालीचंच. तिने पुढच्याला हात लावायचा नाही, ओढायचं नाही, पुढे जायचं नाही. त्यामुळे दहाएक मिनिटांत थोरलीला मागून धापा ऐकू यायला लागल्या. वळून बघते तर धाकटी! पाठीला पिशवी, आणि फितीची गाठ सोडायला दात लावलेले.

"दातांनी कशाला?"

"दुहेरी गाठी मारल्यात मी!"

"कोणी सांगितल्या होत्या?"

"सुटू नयेत म्हणून!"

बेकरीवाला पुढे हसला. त्याचं शास्त्र बिघडलं होतं, मागे साक्षात गणिताच्या बाई असल्याने तो सपाटीवर पळत होता. एक चव्वेचाळीसला ते टाकीपाशी आले. पोस्टमनकाकांनी शिट्टी फुंकली, खुर्ची मिटली आणि दोघींना एकापाठोपाठ येताना बघून या वेळी आभाळाकडे न बघता सरळ तोंडभर हसले.

पुढे उतार. फांद्यांखालून वाट, पायाखाली वाळकी पानं. धाकटी प्रत्येक फितीशी थांबायची, मागे पडायची, मग धावत येऊन वीस पावलांवर पुन्हा हजर व्हायची.

"किलोमीटरला दहा पन्नास! छान! आता अकरा पाच! काय झालं?"

"छोटे, ओरडू नको! वर्ग नाहीये हा!"

"छोटे" म्हटल्यावर मागची पावलं जरा जवळ आली.

"ताई."

"काय?"

"गेल्या वर्षी चाळीस सेकंद होतेच."

"माहीत आहे."

"बरोबरच होतं ते."

"माहीत आहे गं! तू थांबवलंस त्याचा राग नाही आला मला. तू माझ्याकडे बघितलंससुद्धा नाहीस. वहीत बघून म्हणतेस, पाणी तिकडे आहे."

मागे गाठ सुटत नव्हती. धाकटी दातांत फीत धरूनच काहीतरी म्हणाली.

"काय?"

"तुझ्याकडे बघितलं असतं तर सोडलं असतं मी तुला!" ती ओरडली, इतक्या जोरात की झाडावरचे पक्षी उडाले आणि पुढे बेकरीवाला दचकून आणखी वेगात पळाला. "म्हणून नाही बघितलं!"

थोरली पळत राहिली. बोलायला श्वास नव्हता हे एक. दुसरं म्हणजे डोळ्यांपुढची वाट जरा धूसर झाली होती, आणि दुखऱ्या टाचेने दगड चुकवत पळायचं तर वाट नीट दिसायला हवी. तिने बाहीने डोळे पुसले.

"आणि काल मी एकटी होते," धाकटीचा आवाज आला, आता साधा, रडवेला. "दीडशे माणसं माझ्यामुळे उलटी पळाली. सकाळपासून प्रत्येक जण मागून येतोय आणि मला शाब्बास म्हणतोय."

"अर्धी चूक माझी. नकाशा धरायला यायला हवं होतं मी."

"अर्धी कशी? फिती मी बांधल्या. तुझी फार तर पाव."

"पाव तर पाव. घेतली."

"मग माझी पाऊण."

"छोटे, वेळ सांग!"

"अरे देवा! तीन सत्तावीस! तीन किलोमीटर! पळ!"

शेवटचे तीन किलोमीटर थोरलीला नीट आठवत नाहीत. एक फाटक आठवतं, ते बेकरीवाल्याने धरून ठेवलं होतं आणि "बायका आधी" म्हणाला होता, आणि धाकटी "तुम्ही आधी, वेळ जातोय!" म्हणून खेकसली होती. उजव्या पायाची बोटं कोणा दुसऱ्याची असल्यासारखी वाटत होती ते आठवतं. एकदा ती थांबलीच होती, झाडाला धरून, आणि मागे वीस पावलांवर धाकटीही थांबली. ती आली नाही, हात लावला नाही, नियमच होता तसा. पण ती हलली नाही, आणि या खेपेला तिने नजरही काढली नाही. वही पिशवीत होती. थोरलीने झाड सोडलं.

लाकडाच्या वखारीच्या आवारात शर्यत संपते. ओंडक्यांच्या राशींवर दमलेली, आंघोळ न केलेली, बटाटे खाणारी सगळी मंडळी बसली होती. डॉक्टर भोंग्यातून मिनिटं मोजत होते. "पाच मिनिटं उरली! अजून तीन माणसं डोंगरात आहेत! त्यातली एक आपलीच आहे!"

मग फाटकातून बेकरीवाला आला. फोटोवाली बाई दिसली आणि हरीण उधळलं. तीन छप्पन्न. त्याच्या मागे थोरली, वाकडी, लंगडी, तोंड लालबुंद. तीन सत्तावन्न. रेघ ओलांडून ती जी बसली ती जमिनीवरच. आणि तिच्या मागे धाकटी, पाठीवर फितींची फुगलेली पिशवी, केसांत पानं, ओठाला नारिंगी रंग लागलेला. डॉक्टर भोंगा तोंडाला लावून म्हणाले, "फिती कोणी बांधल्या होत्या, ते मी विचारणार नाही." सगळी वखार हसली. धाकटी लाजेने पिशवीत तोंड घालणार, तेवढ्यात सकाळचा तो पहिला पळणारा उठून म्हणाला, "पुढच्या वर्षीपण उलटीच ठेवा. टेकडी एकदाची आधी संपते!"

"मी तेच म्हणते," धाकटी पुटपुटली.

तिने थोरलीच्या समोर बसून तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट निघेना. दोघींनी मिळून ओढला. निघाला तेव्हा धाकटी बुटासकट मागे उताणी पडली, आणि दोघी तिथेच भुशात बसून हसत सुटल्या.

अर्ध्या तासाने वखारीच्या भिंतीवर निकालाचे कागद लागले. सगळी गर्दी माना वर करून पहिल्या कागदाच्या पहिल्या ओळीपाशी जमली. थोरली धाकटीच्या खांद्यावर हात टाकून, अनवाणी, लंगडत आली आणि वरून वाचायला लागली.

"वरून काय वाचतेस?" धाकटी म्हणाली. "संध्याकाळ होईल. चल तिकडे, शेवटच्या कागदापाशी. खालून पहिली आहेस तू."

तिथे गर्दी अजिबात नव्हती. दोघी अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. थोरलीने नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते तिथून उचललंच नाही.